उतारशाळेचा रखवालदार आणि आमचा भुऱ्या



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर आजकाल आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला हसत हसत: "काय, भुऱ्याची शुगर किती आली?" दुसरा जरा दबक्या आवाजात, पण मनापासून: "इथं माणसांना औषध परवडत नाही, आणि मांजरासाठी एवढं करणं बरोबर आहे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोज बदलतं. दुसऱ्या प्रश्नावर आम्ही घरात बरेच महिने बोललो, फादरांशी बोललो, संध्याकाळच्या रोझरीतही तो प्रभूपुढे ठेवला. आज त्याबद्दल लिहितो आहोत. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना थोडी उपयोगाची माहिती मिळेल. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण ही गोष्ट मांजरापाशी थांबत नाही.

आम्ही म्हणजे घरातले चौघं: आम्ही नवरा-बायको, अकरावीतला मुलगा आणि एकाहत्तर वर्षांच्या आई. भुऱ्या पाचवा. दहा वर्षांपूर्वी बेळगावच्या धो-धो पावसात जळणाच्या ढिगामागे सापडला तेव्हा मुठीएवढा होता. लहानपणीच त्याची नसबंदी केली. मग तो घरातच रमला आणि खाऊन-पिऊन साडेसहा किलोंचा झाला. येणारे-जाणारे कौतुक करायचे, "काय बोका आहे!"

गेल्या आगमनकाळात त्याचं पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा रिकामं व्हायला लागलं. सकाळी बदललेली वाळू संध्याकाळपर्यंत ओलीचिंब. खायचा पूर्वीपेक्षा जास्त, पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागायचे. आणि एक दिवस मुलाच्या लक्षात आलं, की एका उडीत कपाटावर जाणारा भुऱ्या आता मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतोय, सशासारखा.

निदान डॉक्टरांच्या आधी आईंनी केलं. त्यांना स्वतःला अठरा वर्षं मधुमेह आहे. म्हणाल्या, "पाणी पितोय, मुततोय अन् वाळत चाललाय. याला माझाच रोग झालाय बघा."

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर ३८० च्या वर. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मांजर घाबरलं की त्याची साखर तात्पुरती खूप चढते, दवाखान्याच्या टेबलावर तर हमखास, म्हणून एका आकड्यावर विसंबायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. लघवीतही साखर निघाली. घरी, त्याच्या नेहमीच्या गोणपाटावर, कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेऊन दोन दिवस तपासलं, तरी आकडे तसेच. मग खात्री झाली.

त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप दोनसारखा असतो. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि ते तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशी हळूहळू थकतात. वाढलेलं वजन, वाढलेलं वय, घरात बसून राहणं, काही वेळा दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइडची औषधं ही त्याची कारणं. नसबंदी केलेल्या बोक्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो. पायाच्या टाचा टेकतात त्या मज्जातंतूंना इजा झाल्यामुळे, आणि साखर ताब्यात आली तर ते हळूहळू सुधारू शकतं. लवकर उपचार सुरू केले आणि खाणं बदललं, तर काही मांजरांना काही महिन्यांनी इन्सुलिनची गरजही उरत नाही. सगळ्यांना नाही, काहींना.

"पण रोज दोनदा सुई द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "बारा तासांच्या अंतरानं. जमेल?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बारा तास म्हटल्यावर पहिली आठवली ती आमच्या चर्चची घंटा. सकाळी सहाला आंजेलुस, दुपारी बाराला आंजेलुस, संध्याकाळी सहाला आंजेलुस. लहानपणापासून ती घंटा ऐकली की हातातलं काम ठेवून देवदूताची वंदना म्हणायची, ही आमच्या घरची रीत. तेव्हापासून भुऱ्याचंही वेळापत्रक तेच आहे. सकाळच्या घंटेनंतर त्याचं खाणं आणि सुई, संध्याकाळच्या घंटेनंतर पुन्हा खाणं आणि सुई. अधूनमधून, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, दुपारच्या घंटेला कानातून रक्ताची तपासणी, कारण इन्सुलिनचा जोर मधल्या तासांत असतो आणि साखर सगळ्यात खाली तेव्हाच जाते. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी या घंटेच्या वेळा घातल्या, त्यांच्या मनात मांजराचं इन्सुलिन नक्कीच नव्हतं. पण आम्हाला आयतं घड्याळ मिळालं.

सुईची भीती आठवड्यात गेली. ती फार बारीक असते. भुऱ्या खाण्यात गुंग असताना कुशीजवळची सैल कातडी दोन बोटांनी तंबूसारखी उचलायची, सुई आत, औषध आत, सुई बाहेर. त्याला पुष्कळदा कळतही नाही. जे सांभाळावं लागतं ते वेगळंच आहे.

आमच्या फ्रिजमध्ये आता दोन इन्सुलिनं आहेत. आईंचं एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. भुऱ्याचं १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर मात्रा अडीच पटींनी चुकते. माणसाच्या जिवालाही त्यात धोका, मग पाच किलोच्या प्राण्याचं काय सांगावं. म्हणून आईंचा डबा वरच्या कप्प्यात, भुऱ्याचा खालच्या, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत नावं. भुऱ्याचं औषध हलवून फेसाळायचं नाही, त्यात पाणी मिसळायचं नाही, गोठू द्यायचं नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवून दवाखान्यात परत द्यायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. कचरा उचलणारेही कुणाची तरी लेकरं आहेत.

फ्रिजच्या दारावर दोरीनं बांधलेली एक वही आहे. सुई देणाऱ्यानं तिथेच वेळ आणि सही टाकायची. घरात चार माणसं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं दिली असेल, किंवा दिली नसेल. डॉक्टरांचा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे: दिली की नाही याची शंका असेल, तर देऊ नका. एक वेळची सुई चुकली तर साखर थोडी चढते. दोनदा दिली गेली तर जीव जाऊ शकतो. आणि भुऱ्या जेवला नाही तर नेहमीची सुई आपल्या मनानं द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन.

खाण्याचा बदल आम्हा सगळ्यांना जड गेला. भुऱ्याला सकाळी चहाच्या वेळी दुधात बुडवलेला पाव लागायचा. तो बंद. कोरड्या दाण्यांमध्ये पिष्टाचा भाग बराच असतो, म्हणून तेही हळूहळू कमी केले. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला प्रथिनं जास्त आणि पीठ-भात शक्य तितका कमी, असं ओलं खाणं हवं. नुसती उकडलेली कोंबडीही पुरत नाही, कारण तिच्यात त्याला लागणारं कॅल्शियम पुरेसं नसतं आणि टॉरिन नावाचं सत्त्व कमी पडू शकतं. म्हणून डॉक्टरांनी निवडून दिलेलं ओलं खाणं आणि जोडीला थोडी कोंबडी, असं ठरलं. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी: इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम बदललं तर इन्सुलिनची गरजही एकदम कमी होऊ शकते. त्यामुळे हे सगळं डॉक्टरांना विचारून, बेताबेतानंच करायचं.

त्यात उपवासकाळ आला. दर शुक्रवारी आमच्या ताटात डाळ-भात आणि भाजी, आणि चुलीवर भुऱ्यासाठी कोंबडी शिजतेय. मुलगा म्हणाला, "आजी, भुऱ्या पाप करायलाय काय गं?" आई म्हणाल्या, "त्याला कुठला उपवास? देवानंच तसा घडवलाय त्याला."

पण राखेच्या बुधवारी आई स्वतः मात्र काही खायला तयार नव्हत्या. सकाळची सुई घेतलेली, आणि म्हणतात, आज एकच जेवण, तेही दुपारी. तेव्हा मुलानं वही पुढे धरली. "आजी, पहिलं पान वाच. खाणं नाही तर सुई नाही, अन् सुई घेतली तर खाणं पाहिजे. भुऱ्याला एक नियम अन् तुला दुसरा?" ख्रिस्तसभेचा नियमही तेच सांगतो, हे आम्ही त्यांना समजावलं. उपवासाचं बंधन अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत असतं, आणि आजारी माणसाला त्यातून सूट असते. आई थोडा वेळ गप्प बसल्या, मग बशीत उपमा घेतला. म्हणाल्या, "कुंदा सोडते चाळीस दिवस. तो उपवास चालेल नव्हं?" बेळगावच्या माणसानं कुंदा सोडणं म्हणजे लहान त्याग नाही. डॉक्टरांनाही तो उपवास आवडला.

आता पैशाबद्दल. औषध, सुया, तपासणीच्या पट्ट्या आणि खाणं धरून भुऱ्याला महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. आईंनीच सुरुवातीला तोंडावर विचारलं होतं, "माणसांना औषध परवडंना झालंय, अन् तुम्ही मांजराला सुया टोचायलाय!"

त्यांचं बोलणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही, कारण ख्रिस्तसभेची शिकवणही हा प्रश्न गंभीरपणे घेते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१८व्या परिच्छेदात दोन्ही बाजू शेजारी शेजारी आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणं माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचं दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा, तो प्राण्यांवर उधळणंही शोभत नाही. प्राण्यांवर प्रेम करावं, पण माणसाच्या वाट्याची माया त्यांना देऊन टाकू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हा परिच्छेद शिकवलेला होता. तो आपल्याच घरी, फ्रिजपुढे उभं राहून वाचायची वेळ आली तेव्हा त्याचं वजन कळलं.

फादरांकडे गेलो. त्यांनी हो किंवा नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "पैसा कुणावर खर्च होतो ते तर बघाच, पण तो कुठून काढता तेही बघा." घरी येऊन आम्ही हिशेबाची वही उघडली. गरिबांच्या पेटीत जाणारे पैसे आणि आईंचं औषध ही दोन पानं बांधून ठेवली, त्यांना हात लावायचा नाही. बाहेरचं खाणं, नवा टीव्ही, नाताळचे महागडे कपडे ही पानं उघडी. भुऱ्याचे साडेतीन हजार तिथून निघाले. टीव्ही अजून जुनाच आहे, आणि एका बाजूला जरा हिरवा दिसतो.

पहिल्या कम्युनियनच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "भुऱ्यासाठी प्रार्थना केली तर देव ऐकतो?" आम्ही तिला चिमण्यांची गोष्ट सांगितली. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच, म्हणजे पाचवी फुकट, वर घातलेली. बाजारात जिला काही किंमतच नाही, त्या पाचवीलाही देव विसरत नाही असं येशू सांगतो. आणि लगेच पुढे सांगतो, की माणसाचं मोल पुष्कळ चिमण्यांहून मोठं आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात. एक खरी करायला दुसरी खोटी करावी लागत नाही.

ज्यांचा सण आपण ३ नोव्हेंबरला पाळतो ते संत मार्टिन दी पोरेस असेच. पेरू देशातल्या लिमा शहरात डॉमिनिकन मठाच्या रुग्णालयात ते आजारी माणसांची सेवा करत, शहरातल्या गरिबांना आणि गुलामांना औषधपाणी देत. आणि रस्त्यावरची आजारी कुत्री-मांजरं बहिणीच्या घरी नेऊन बरी करत, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. १६३९ मध्ये ते वारले, १९६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्यांचे माणसांचे हात वेगळे आणि मांजरांचे वेगळे, असं काही नव्हतं.

इन्सुलिनच्या इतिहासातही एक देणं दडलेलं आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग इथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, त्याला मधुमेह झाला, आणि या रोगाचं मूळ कुठे शोधायचं ते कळलं. १९२१ मध्ये टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला, आणि तोवर ज्या रोगात मुलं डोळ्यांदेखत झिजून जात, त्या रोगात ती जगायला लागली. त्यानंतर कितीतरी दशकं जगभरच्या मधुमेही माणसांना मिळालेलं इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं ते १९८२ मध्ये. मांजराचं आणि गाईचं इन्सुलिन यांत तर फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. हे आईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे जनावरांनी आधी आम्हाला जगवलंय तर." त्यानंतर सुयांबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. उलट सकाळची सुई आता त्याच देतात. आधी स्वतःला, मग हात धुऊन, खालचा डबा काढून भुऱ्याला.

भुऱ्याच्या आजाराचा आणखी एक परिणाम झाला, जो आमच्या ध्यानीमनी नव्हता. लोक मांजराबद्दल विचारायला यायचे आणि बोलता बोलता स्वतःबद्दल बोलायला लागायचे. माणसाला स्वतःचा आजार सांगायला संकोच वाटतो. मांजराच्या आजारावर कुणीही बोलतं.

आमच्या गल्लीत तीन घरं सोडून एक विधवा बाई राहतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात. दोन घरी स्वयंपाक करून पोट भरतात. एका संध्याकाळी त्या आईंशी बोलत बसल्या होत्या, घंटा झाली, मुलानं भुऱ्याला सुई दिली. त्या हसल्या. "याला दोन वेळा देताय? मला एकदाच पुरतंय बाई."

आईंनी विचारलं, "डॉक्टरांनी एकदाच सांगितलंय?"

मावशी म्हणाल्या, "सांगितलंय दोनदा. पण एक बाटली दोन महिने जायला पाहिजे नव्हं."

घरात कुणी काही बोललं नाही. भुऱ्या ताटली चाटत होता. मग एकेक गोष्ट बाहेर आली. मावशींकडे फ्रिज नव्हता. बाटली त्या ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवत होत्या, आणि ती खरं तर बऱ्यापैकी चांगली सोय होती. नजर कमी झाल्यामुळे सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या, त्या अंदाजानं भरत होत्या. तळपाय बधिर झाले होते. भुऱ्याच्या टाचांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझंबी असंच झालंय. चप्पल कधी निसटली कळत नाही." दर रविवारी त्या आमच्या पुढच्या बाकावर बसतात. वर्षानुवर्षं शांतीचं अभिवादन देताना आम्ही त्यांना हात जोडत आलो आहोत.

दुसऱ्या दिवशी आई त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. कार्ड निघालं, तपासणी झाली, औषध तिथूनच मिळायला लागलं. मात्रा आणि वेळा डॉक्टरांनी नव्यानं ठरवून दिल्या. दोन्ही वेळच्या घंटेनंतर आमचा मुलगा भुऱ्याची सुई आटोपून तीन घरं पुढे जातो, मावशींच्या सिरिंजमध्ये रेघेपर्यंत औषध भरून देतो, त्यांचे तळपाय बॅटरीच्या उजेडात बघतो, कुठे जखम तर नाही ना. तिथेही दाराला एक वही बांधली आहे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही त्याची पाळी वाटून घेतो.

एवढ्यात भुऱ्याचंच एकदा अवघड झालं. तोवर त्याची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं वाढवून दोन युनिटवर आणली होती आणि आकडे छान येत होते. एका दुपारी बाराच्या घंटेला तो हाकेला आला नाही. पलंगाखाली सापडला, पाय लटपटत होते, मान धरवत नव्हती. मशीननं ५२ दाखवलं. साखर एवढी उतरली की झटके येऊन जनावर दगावू शकतं. आईंनी मधाची बाटली आणली, आम्ही बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, दुसऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला. पाव तासानं आकडा ८० च्या वर गेला. मग त्यानं थोडं खाल्लं आणि नेहमीसारखा तोंड पुसत बसला. डॉक्टर म्हणाले, औषधाची गरज कमी होतेय, त्याचं शरीर पुन्हा थोडं काम करायला लागलंय. संध्याकाळची सुई त्यांनी थांबवायला सांगितली आणि पुढे एक युनिटवर आणलं. तेव्हापासून मधाची एक छोटी बाटली त्याच्या डब्यात आणि एक मावशींच्या मडक्याशेजारी ठेवलेली असते. माणसाची साखर उतरली तर शुद्धीत असताना साखर-पाणी, मध, जे हाताशी असेल ते लगेच द्यायचं, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांनाही शिकवलं.

या सगळ्या काळात आमच्या मनात एकच दाखला घोळत राहिला, दयाळू शोमरोन्याचा. लूकच्या दहाव्या अध्यायातला हा दाखला आपण किती वेळा ऐकला आहे. वाटेवर जखमी माणूस, बाजूनं निघून गेलेला याजक आणि लेवी, मग थांबलेला शोमरोनी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेणं. प्रवचनं बहुतेक इथवर येतात. पण दाखला पुढे जातो. दुसऱ्या दिवशी शोमरोनी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो, आणि आपल्या वाटेनं जातो.

मग त्या जखमी माणसाचं काय झालं? रात्री त्याला पाणी कुणी दिलं? पट्ट्या कुणी बदलल्या? तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या दिवशी, जेव्हा त्यात नवल उरलं नव्हतं आणि बघायला कुणी नव्हतं, तेव्हा वेळेवर जेवण कुणी आणलं? त्या रखवालदारानं. त्याचं नाव नाही, गाव नाही, तो दाखल्यात एक शब्दही बोलत नाही. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. दोन दिवसांच्या मजुरीत त्याच्यावर कितीतरी दिवसांचं काम सोपवलं गेलं.

मधुमेह हा रखवालदाराचा आजार आहे. इथे एका क्षणाच्या धाडसानं काही होत नाही. मोठं मन दाखवून एकदा पाच हजार दिले आणि मोकळे झालो, असंही नाही. रोज सकाळी सहा, रोज संध्याकाळी सहा, रविवारी, सणाला, लग्नाला जायचं असेल त्या दिवशी, आणि मन लागत नसेल त्या दिवशीही. आपण प्रभूकडे चमत्कार मागतो, आणि मागावा. पण पुष्कळदा तो आपल्या हाती एखाद्याला सोपवतो, दोन दिनार देतो आणि म्हणतो, मी परत येईपर्यंत याला सांभाळ.

मग मांजरासाठी एवढं करणं बरोबर आहे का? आमचं आजचं उत्तर असं. जे माणसाचं आहे ते माणसाला आधी द्या. त्यानंतर तुमच्या दारात देवानं ठेवलेल्या मुक्या जिवाला तुमच्या चैनीतून द्या, आणि आनंदानं द्या. आणि ते देताना कान उघडे ठेवा. मांजराची सुई बघून कुणी हसत असेल, तर त्या हसण्यामागे काय आहे ते विचारा.

भुऱ्या अजून एक युनिटवर आहे. त्याचं इन्सुलिन कधी सुटेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. टाचा आता पुष्कळ उचलल्या जातात. तो खुर्चीवर उडी मारतो, कपाटाकडे नुसतं बघतो. मावशींच्या डोळ्यांची नजर परत येणार नाही, पण पायाला अजून जखम नाही आणि बाटली एका महिन्यात संपते, जशी संपायला हवी तशी.

या आठवड्यासाठी एक छोटं काम: आपल्या वाड्यात, गल्लीत, बाकावर, मधुमेह असलेली एक तरी व्यक्ती असेलच. तिला एवढंच विचारा, "औषध पुरतंय ना? रेघा दिसतात ना?" ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवावं. फार लवकर रिकामं होत असेल तर डॉक्टरांकडे न्यावं. मात्रा आणि औषध मात्र आमच्या लेखावरून ठरवू नये. प्रत्येक जिवाची गरज वेगळी असते.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, वाटेवर पडलेल्यांना तू उचललंस आणि आमच्या हाती सोपवलंस. पहिल्या दिवशीची दया आमच्यात आहे, दहाव्या दिवशीचा धीर तू दे. ज्यांची औषधं अर्धीच पुरतात, ज्यांना रेघा दिसत नाहीत, ज्यांची चौकशी कुणी केली नाही, त्यांची दारं आम्हाला दाखव. जे मुके जीव आमच्या घरात तुझ्या भरवशावर झोपतात, त्यांना सांभाळायला आमचे हात हलके ठेव. तू परत येशील तेव्हा आमची वही भरलेली असू दे. आमेन.